ग्लाम्सचा किल्ला: भुतं, राक्षस आणि खरोखर काय घडलं

प्रश्न असा आहे: घरच्या मंडळींना घेऊन स्कॉटलंडला जायचंय, त्यात ग्लाम्सचा किल्ला बघायचा आहे. वाचनात आलं की शेक्सपिअरच्या नाटकातल्या मॅकबेथने राजा डंकनला तिथेच मारलं, तिथल्या एका चेटकिणीला जिवंत जाळलं आणि तिचं भूत चॅपलमध्ये, म्हणजे वाड्यातल्या छोट्या प्रार्थनागृहात, दिसतं, शिवाय एका गुप्त खोलीत घराण्याचा विद्रूप वारस जन्मभर कोंडून ठेवला होता. यातलं खरं किती?

गेली बरीच वर्षं मी मराठी मंडळींचे गट घेऊन या भागात फिरते, आणि हा प्रश्न प्रत्येक गटात कोणी ना कोणी विचारतंच. आधी थोडक्यात सांगते. मॅकबेथचा ग्लाम्सशी संबंध नाही. बाई खरी आणि तिला जाळलं हेही खरं, चेटूक मात्र मागाहून चिकटवलेलं. गुप्त खोली होती, ती खोदणाऱ्या गवंड्यांची मजुरीसुद्धा लिहून ठेवलेली आहे. वारसाचं प्रकरण जरा गुंतागुंतीचं आहे, त्याकडे शेवटी येते.

माझी पद्धत साधी आहे. कथा ऐकली की ती पहिल्यांदा कोणी आणि कधी सांगितली हे शोधायचं. ग्लाम्सच्या बाबतीत या एका प्रश्नाने निम्मी जळमटं निघून जातात.

डंडीच्या उत्तरेला साधारण वीस किलोमीटरवर, अँगस परगण्यात ग्लाम्स हे छोटं गाव आहे. किल्ला म्हटलं की आपल्याला डोंगर, तटबंदी, दमछाक करणारी चढण आठवते. इथे त्यातलं काही नाही. स्ट्रॅथमोरचं रुंद, सुपीक खोरं, दोन्ही बाजूंना बटाट्याची आणि रासबेरीची शेतं, झाडांमधून जाणारा लांबलचक सरळ रस्ता आणि त्याच्या टोकाला तांबूस दगडाचा, शंकूच्या टोप्या घातलेल्या मनोऱ्यांचा उंच वाडा. याला गड म्हणण्यापेक्षा तटबंद वाडा म्हणणं जास्त बरोबर. मूळची इमारत इंग्रजी एल अक्षराच्या आकाराची, पंधराव्या शतकातली. आज दिसणारं रूप बरंचसं सतराव्या शतकातलं.

राजघराण्याचा या जागेशी संबंध मात्र फार जुना. स्कॉटलंडचा राजा दुसरा माल्कम १०३४ साली ग्लाम्सला वारला. तेव्हा हा वाडा नव्हता. मृत्यूची नोंद साधी आहे. पण पुढच्या शतकांतल्या इतिहासकारांनी त्याला मारेकरी जोडले, मग ते मारेकरी बर्फात वाट चुकले, मग जवळच्या फॉरफर गावच्या गोठलेल्या तळ्याचा बर्फ फुटून बुडाले. जसजसा काळ लोटला तसतसा तपशील वाढत गेला. गावात पाद्र्याच्या जुन्या घराच्या बागेत एक उंच कोरीव शिळा उभी आहे, तिला लोक माल्कमची शिळा म्हणतात. ती पिक्ट लोकांनी, म्हणजे इथल्या प्राचीन रहिवाशांनी, कोरलेली आहे, माल्कमच्या जन्माच्याही बरीच आधी. शिळा होती, राजा मेला होता, लोकांनी दोन्हींची गाठ मारली.

मॅकबेथचंही असंच. वाड्यात 'डंकनचं दालन' दाखवतात. प्रत्यक्षात डंकन १०४० साली लढाईत मारला गेला, तेही इथून पुष्कळ उत्तरेला, एल्गिनजवळ. मॅकबेथ मोरे प्रांताचा सरदार होता. डंकनला हरवून तो गादीवर बसला आणि सतरा वर्षं त्याने राज्य केलं, मध्ये रोमची यात्रासुद्धा करून आला. ज्याचं सिंहासन डळमळतंय तो राजा कित्येक महिने देशाबाहेर राहायची हिंमत करत नाही. शेक्सपिअरने त्याला ग्लाम्सची सरदारकी दिली ती आपल्या आधीच्या बखरकारांच्या भरवशावर. गंमत म्हणजे नाटकातही खून ग्लाम्सला होत नाही, इन्व्हरनेसला होतो. म्हणजे 'डंकनचं दालन' इतिहासाला धरून नाही आणि नाटकालाही धरून नाही. तरी ते बघाच. खालच्या मजल्यावरचा वाड्याचा सगळ्यात जुना भाग कसा होता याची कल्पना तिथे येते.

खरा इतिहास १३७२ पासून हाती लागतो. राजा दुसरा रॉबर्ट याने ग्लाम्सची जहागीर सर जॉन लायन याला दिली. पुढे चार वर्षांनी राजाने आपली मुलगी जोआनाही त्याला दिली. हा जावई राज्याचा खजिना सांभाळायचा, आणि १३८२ मध्ये एका लिंडसे सरदाराने त्याचा खून केला. लायन आणि लिंडसे यांचं वैर लक्षात ठेवा, पुढे लागेल. तेव्हापासून आजपर्यंत, मधली जप्तीची थोडी वर्षं सोडली तर, ही जागा याच घराण्याकडे आहे, साडेसहाशे वर्षं. आपल्याकडे एकाच घराण्याची इतकी दीर्घ मालकी फार थोड्या वास्तूंना लाभली असेल.

आता 'चेटकिणी'बद्दल. या जागी मी गटाला थांबवते आणि कोणी घाई केली तरी ऐकत नाही, कारण ग्लाम्सची सगळ्यात भयंकर गोष्ट ही आहे आणि तीच सगळ्यात चुकीची सांगितली जाते.

तिचं नाव जेनेट डग्लस. सहाव्या लॉर्ड ग्लाम्सची बायको. तिचा भाऊ आर्चिबल्ड डग्लस, अँगसचा अर्ल (अर्ल म्हणजे वरच्या दर्जाचा सरदार), याने राजा पाचव्या जेम्सच्या विधवा आईशी लग्न केलं होतं, म्हणजे तो राजाचा सावत्र बाप. जेम्स दीड वर्षाचाही नसताना गादीवर आला होता. तो किशोरवयात असताना या सावत्र बापाने त्याला आपल्या ताब्यात ठेवलं आणि त्याच्या नावाने कारभार हाकला. १५२८ मध्ये जेम्स निसटला, तेव्हा तो सोळा वर्षांचा होता. डग्लस भाऊ इंग्लंडला पळाले. राजाचा राग मात्र मागे राहिला आणि तो राग काढायला जेनेट स्कॉटलंडमध्ये सापडली.

त्याच सुमारास तिचा नवरा वारला. काही वर्षांनी तिच्यावर नवऱ्याला विष घातल्याचा आरोप आला. तो खटला उभाच राहिला नाही. ज्युरीत बसायला बोलावलेल्या अनेक जमीनदारांनी दंड भरणं पत्करलं, पण आले नाहीत. यावरूनच आरोपाची किंमत कळते. तिने दुसरं लग्न केलं, स्किपनेसच्या आर्चिबल्ड कॅम्बेलशी. १५३७ मध्ये पुन्हा धरपकड झाली. या वेळी आरोप राजाला विष देण्याच्या कटाचा आणि परागंदा भावांशी संधान बांधल्याचा. १७ जुलै १५३७ रोजी एडिंबरोच्या किल्ल्यासमोर तिला जिवंत जाळलं. नवरा त्याच किल्ल्यात कैदेत होता, तो सुटायच्या धडपडीत कड्यावरून पडून मेला. कोवळ्या वयाच्या मुलालाही मृत्यूची शिक्षा ठोठावली, फक्त अंमलबजावणी तो वयात येईपर्यंत पुढे ढकलली. एका इंग्रज अधिकाऱ्याने आपल्या राजाला कळवलं की आपल्याला समजलं त्यानुसार या शिक्षेला ठोस आधार दिसत नाही. इंग्रजांना डग्लस भावांचा पुळका होता हे खरं, तेवढं त्यातून वजा करा, पण आजचे अभ्यासकही साधारण त्याच मताचे आहेत.

या सगळ्यात चेटूक कुठे आलं? आलंच नाही. स्कॉटलंडमध्ये चेटकाविरुद्ध कायदा झाला १५६३ मध्ये, जेनेटला जाळल्यानंतर सव्वीस वर्षांनी. मोठ्या प्रमाणावर चेटकिणींच्या चौकश्या आणि जाळपोळ सुरू झाली ती त्यानंतर. राजद्रोह केलेल्या बाईला जाळण्याची शिक्षा त्या काळी चालत होती, एवढंच. पुढच्या पिढ्यांच्या डोळ्यांसमोर जाळलेली बाई म्हणजे चेटकीण हेच समीकरण पक्कं झालं आणि जेनेट त्यात बसवली गेली. राजाने सूड घेतला हे सांगणं गैरसोयीचं असतं, चेटकीण होती म्हटलं की विषय संपतो.

आणि जेम्सने ग्लाम्स जप्त केलं. नुसतं जप्त केलं नाही, स्वतः तिथे जाऊन राहायचा, तिथे दरबार भरवायचा. १५४२ मध्ये तो वारला, तेव्हा कुठे जेनेटचा मुलगा सुटला आणि वाडा घराण्याकडे परत आला.

चॅपलमधली 'करडी बाई' म्हणजे हीच जेनेट असं सांगतात. तिच्यासाठी एक आसन कायम रिकामं ठेवतात, तिथे कोणी बसत नाही. प्रथा मला आवडते, कोणाला त्या जागेवर बसू देत नाही. पण चॅपल सजून तयार झालं १६८८ च्या सुमाराला, जेनेटनंतर दीडशे वर्षांनी. भूत असेलच तर त्याला जागा नवीन बांधून दिलेली आहे. छतावरची आणि भिंतींवरची चित्रं याकोब द वेट या डच चित्रकाराची. त्यात एका चित्रात येशूने चक्क हॅट घातलेली आहे. पुनरुत्थानानंतर मेरी मॅग्डालीनला तो माळी वाटला, त्या प्रसंगाचं हे चित्र. भुताच्या नादात लोक वर बघायचं विसरतात.

गुप्त खोलीकडे वळते. आपल्याकडे प्रत्येक गडावरून शेजारच्या गडाला भुयार जातं असं गावकरी छातीठोक सांगतात, तसं स्कॉटलंडमध्ये प्रत्येक जुन्या वाड्यात एक गुप्त खोली असते. फरक एवढा की ग्लाम्सला कागद आहे.

स्ट्रॅथमोरचा तिसरा अर्ल (ग्लाम्सच्या लॉर्डांना पुढे हा किताब मिळाला), पॅट्रिक लायन, हा माझा या घराण्यातला आवडता माणूस. वडिलांनी त्या काळच्या धार्मिक-राजकीय लढ्यात पैसा ओतून घराणं कर्जात बुडवलं होतं. या पठ्ठ्याने पै-पै जोडून कर्ज फेडलं, वाडा नव्याने उभारला आणि सगळ्याचा हिशेब एका वहीत लिहून ठेवला. ती वही आजही आहे आणि छापलेलीही आहे. १६८४ च्या जून महिन्यात तो लिहितो की ग्लाम्सच्या चार गवंड्यांशी करार ठरला: छोट्या कोठीच्या जमिनीतून खाली खोदून दस्तऐवजखान्याच्या आत एक खोली करायची, मोबदला पन्नास स्कॉटिश पौंड आणि चार बोल पीठ. बोल हे धान्य मोजायचं जुनं माप. जहागिरीचे कागद म्हणजे जहागीरच, ते चोरापासून, आगीपासून आणि सावकारापासून जपायला भिंतीत कपार हवी, यात गूढ काही नाही. वाड्याच्या भिंती काही ठिकाणी माणूस आडवा झोपेल इतक्या जाड आहेत. जुने जिने बंद करून नवे काढले, मजल्यांची उंची बदलली, खिडक्या हलवल्या, की मध्ये कोनाकोपऱ्याच्या खोल्या उरतातच.

म्हणून ती प्रसिद्ध गोष्ट, पाहुण्यांनी प्रत्येक खोलीच्या खिडकीत टॉवेल अडकवला आणि बाहेरून पाहिलं तर काही खिडक्या मोकळ्याच होत्या, मला अजिबात अशक्य वाटत नाही. घडली असो वा नसो, अशा इमारतीत तसंच दिसणार.

आता कथेचं वय पाहा. वॉल्टर स्कॉट तरुणपणी, १७९३ च्या आसपास, एक रात्र ग्लाम्सला राहिला होता. पुढे १८३० मध्ये त्याने त्याबद्दल लिहिलं. वाड्यात एक गुप्त दालन आहे आणि ते एका वेळी तिघांनाच ठाऊक असतं: अर्ल, त्याचा वारस आणि त्यांनी विश्वासात घेतलेला तिसरा कोणी. स्कॉटला भुताखेतांचा केवढा सोस होता हे सगळ्यांना माहीत आहे. कोंडलेला माणूस त्याच्या कानावर आला असता तर तो सोडता का! त्याने दालन सांगितलं, त्यात कोणी आहे असं सांगितलं नाही.

आत माणूस आला तो नंतर. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात श्रीमंतांच्या घरी आठवडाभर पाहुणे म्हणून राहायची पद्धत वाढली, रेल्वे आली, नियतकालिकं वाढली, आणि ग्लाम्सचं 'रहस्य' हा लंडनच्या जेवणावळींतला लाडका विषय झाला. एका मजुराला भिंतीमागे रस्ता सापडला, त्याने आत काहीतरी पाहिलं आणि त्याला पैसे देऊन कुटुंबासह ऑस्ट्रेलियाला धाडलं, ही कथा त्याच काळातली. १९०८ साली एका नियतकालिकात एका पत्रलेखकाने लिहिलं की साठेक वर्षांपूर्वी आपण ऐकलं होतं: खोलीत खरा वारस आहे, पण तो दाखवण्याजोगा नाही. ही आठवण खरी धरली तरी आपण १८४० च्या दशकापलीकडे जात नाही.

यात नाव घेतलं जातं ते अकराव्या अर्लच्या नातवाचं. ऑक्टोबर १८२१ मध्ये अर्लच्या थोरल्या मुलाला पहिला मुलगा झाला, नाव थॉमस, आणि घराण्यांच्या नोंदींनुसार तो त्याच दिवशी वारला. पुढच्या वर्षी दुसरा मुलगा झाला, त्याचंही नाव थॉमस. तोच १८४६ मध्ये बारावा अर्ल झाला. संशयाची सगळी इमारत या एका ओळीवर उभी आहे: पहिला थॉमस मेलाच नव्हता. मला हे पटत नाही. जन्मल्या दिवशी मूल दगावणं तेव्हा राजेरजवाड्यांच्या घरीही नित्याचं होतं, आणि गेलेल्या मुलाचं नाव पुढच्याला देणंही. शिवाय शारीरिक व्यंग असलं म्हणून किताब जात नव्हता, त्यामुळे कायद्याच्या दृष्टीने लपवण्याचं कारण नव्हतं. राहता राहिली ती लाज.

लाजेला मात्र मी हलक्यात घेत नाही, आणि त्याचं कारण याच घराण्यात आहे. चौदाव्या अर्लची मुलगी एलिझाबेथ बोव्ज-लायन म्हणजे पुढे सहाव्या जॉर्जची राणी, दुसऱ्या एलिझाबेथची आई. तिच्या भावाच्या दोन मुली, नेरिसा आणि कॅथरीन, बौद्धिक अपंगत्व घेऊन जन्मल्या होत्या. १९४१ मध्ये त्यांना सरे परगण्यातल्या एका मनोरुग्णालयात ठेवलं आणि त्या कित्येक दशकं तिथेच राहिल्या. १९६३ च्या सरदार-घराण्यांच्या कोशात दोघींच्या नावापुढे मृत्यूची नोंद आहे. दोघीही तेव्हा जिवंत होत्या. नेरिसा १९८६ मध्ये वारली. पुढच्या वर्षी हे सगळं वर्तमानपत्रांत आलं तेव्हा ब्रिटन हादरलं. कॅथरीन २०१४ पर्यंत जगली.

यावरून १८२१ चं काही सिद्ध होत नाही, हे मी प्रत्येक वेळी ठासून सांगते. त्या मुलींचं अपंगत्व आईच्या माहेरच्या बाजूने आलेलं होतं, ग्लाम्सशी त्याचा धागा नाही, आणि त्या वाड्यात कधी कोंडलेल्याही नव्हत्या. पण घराण्याच्या कोशात मृत लिहिलं म्हणजे माणूस मेलाच असं नाही, एवढं मान्य करावं लागतं. म्हणून राक्षसाची कथा ऐकून कोणी हसलं की मी नेरिसा आणि कॅथरीनबद्दल बोलते. मग फारसं कोणी हसत नाही.

उरलेल्या कथा भराभर सांगते. लिंडसे घराण्यातला क्रॉफर्डचा चौथा अर्ल, दाढीवाला म्हणून ओळखला जाणारा, रविवारी पत्ते खेळायला बसला, कोणी भिडू मिळेना तेव्हा म्हणाला सैतानाबरोबरही खेळेन, आणि सैतान आला. अजून ते खेळताहेत म्हणतात. हा अर्ल १४५३ मध्ये वारला. रविवारी खेळणं म्हणजे महापाप हा कडक दंडक स्कॉटलंडमध्ये आला १५६० च्या धर्मसुधारणेनंतर. म्हणजे कथेतलं पाप माणसापेक्षा शंभर वर्षांनी लहान आहे. त्यात तो लिंडसे, म्हणजे पिढीजात वैरी. त्याला आपल्या वाड्यात सैतानाच्या हाती देण्यात लायन मंडळींना आनंद झाला असणार! लिंडसेंपासून लपायला आलेल्या ओगिल्वी घराण्यातल्या लोकांना खोलीत कोंडून उपाशी मारल्याचीही एक कथा आहे, तिच्यात कवट्या वगैरे आहेत. त्यात विशेष राम नाही.

त्यापेक्षा सांगण्याजोगी हकिकत फॉरफरच्या रस्त्यावरची आहे आणि ती कोणी विचारत नाही. १७२८ च्या मे महिन्यात सहावा अर्ल चार्ल्स एका अंत्ययात्रेला फॉरफरला गेला होता. नंतर मंडळींनी भरपूर दारू ढोसली. फिनहेवनच्या जेम्स कार्नेगीला ब्रिग्टनच्या लायनने गटारात ढकललं. कार्नेगी चिखलाने माखून उठला, तलवार उपसून धावला, अर्ल मध्ये पडला आणि तलवार अर्लच्या पोटात गेली. कार्नेगीचं अर्लशी भांडणच नव्हतं. खटल्यात न्यायाधीशांचं म्हणणं असं की ज्युरीने फक्त घटना शाबीत झाली की नाही एवढं सांगावं. घटना तर सगळ्यांसमोर घडलेली, म्हणजे फाशी ठरलेली. कार्नेगीचे वकील रॉबर्ट डंडस यांनी ज्युरीला सांगितलं, माणूस दोषी की निर्दोष हे ठरवायचा जुना हक्क तुमचाच आहे. ज्युरीने निर्दोष म्हटलं. स्कॉटलंडच्या कायद्याच्या इतिहासात हा निकाल मैलाचा दगड मानतात. ग्लाम्सच्या घराण्यातल्या माणसाचा जीव गेला आणि त्यातून ज्युरीचा हक्क पक्का झाला. एकही भूत नाही म्हणून ही कथा चालत नाही.

घरच्यांना राजघराण्यात रस असेल तर तोही भरपूर आहे. राणीमातेच्या, म्हणजे वर आलेल्या एलिझाबेथ बोव्ज-लायनच्या, लहानपणाचा बराच काळ इथे गेला. पहिल्या महायुद्धात वाड्यात जखमी सैनिकांची शुश्रूषा होत असे. १९१६ मध्ये आग लागली, तेव्हा सोळा वर्षांची एलिझाबेथ चित्रं आणि सामान बाहेर काढायला धावपळ करत होती. राजकुमारी मार्गारेट २१ ऑगस्ट १९३० ला याच वाड्यात जन्मली. तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे राजघराण्यातल्या बाळंतपणाच्या वेळी गृहमंत्र्याने जवळपास हजर राहायचं असे, त्यामुळे मजूर पक्षाचे गृहमंत्री क्लाइन्स या भागात येऊन दिवसचे दिवस वाट बघत बसले होते. लहानपणी कापड गिरणीत राबलेला माणूस!

जायचं असेल तर मार्च ते ऑक्टोबरच्या दरम्यान जा, आणि त्या दिवसाची वेळ आधी तपासून घ्या, कारण खाजगी समारंभ असले की बंद ठेवतात. आत वाटाड्याबरोबर फिरावं लागतं. अर्धा दिवस हाताशी असेल तर तिथून दहा-बारा किलोमीटरवरच्या मीगलला जरूर जा. एका जुन्या शाळेच्या इमारतीत पिक्ट लोकांच्या कोरीव शिळांचं छोटंसं संग्रहालय आहे, हिवाळ्यात बंद असतं. तिथल्या सगळ्यात मोठ्या शिळेवर चार पायांच्या जनावरांनी घेरलेली एक झगेवाली आकृती आहे. गावकरी सांगतात, ही राजा आर्थरची राणी व्हॅनोरा, व्यभिचाराबद्दल तिला श्वापदांपुढे टाकलं. प्रत्यक्षात तो सिंहांच्या गुहेतला बायबलमधला डॅनियल आहे, आणि सिंह त्याला चाटताहेत.